लिंक्डइन प्रोफाइल तयार आहे, पण विचारणा शून्य : अडतंय कुठे ते असं शोधा

तक्रार थोड्याफार फरकाने सगळ्यांची सारखीच असते. प्रोफाइल करून दोन-तीन महिने झाले, फोटो लावला, शिक्षण भरलं, चार-पाचशे लोक जोडले गेले, तरी एकाही कंपनीकडून साधी विचारपूस नाही. मग कोणी सांगतं रोज पोस्ट टाका, कोणी म्हणतं प्रीमियम घ्या, कोणी पैसे घेऊन प्रोफाइल नव्याने लिहून द्यायला तयार असतं. यातलं काहीही करण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहा. ते पाहायची सोय लिंक्डइनवरच आहे आणि ती फुकट आहे.

भरती करणारा माणूस प्रोफाइलपर्यंत कसा पोचतो, हे आधी समजून घ्यायला हवं. तो पदनाव टाकतो, शहर निवडतो, दोन-चार कौशल्यं लिहितो, अनुभवाची वर्षं ठरवतो आणि समोर येणाऱ्या यादीतून वरची काही नावं उघडतो. त्या यादीत तुम्ही नसाल तर खाली किती मनापासून लिहिलंय ते कोणाच्या नजरेला पडत नाही. नव्या प्रोफाइलींचा बहुतेक घोटाळा इथेच असतो. माहिती खरी असते, पण ती चुकीच्या चौकटीत पडलेली असते किंवा शोधणारा वापरत नाही अशा शब्दांत लिहिलेली असते.

आधी आकडे पाहा

स्वतःची प्रोफाइल उघडा आणि थोडं खाली या. ‘ॲनालिटिक्स’ नावाची चौकट फक्त तुम्हालाच दिसते. तिच्यात ‘सर्च अपिअरन्सेस’ हा आकडा असतो, म्हणजे मागच्या आठवड्यात तुमचं नाव किती वेळा शोधाच्या यादीत आलं. शेजारी ‘प्रोफाइल व्ह्यूज’ असतात, म्हणजे गेल्या ९० दिवसांत किती जणांनी प्रोफाइल उघडली. तिसरा आकडा हाताने मोजायचा : गेल्या तीन महिन्यांत अनोळखी पण कामाच्या माणसांकडून किती निरोप आले.

सर्च अपिअरन्सेस आठवड्याला दोन-चारच असतील तर तुम्ही यादीतच येत नाही. मग दोष हेडलाइन (नावाखालची ओळ), पदनाव, ठिकाण किंवा स्किल्समध्ये आहे. यादीत नाव येतंय पण प्रोफाइल कोणी उघडत नसेल, तर यादीत जे तीन तुकडे दिसतात त्यांत गडबड आहे : फोटो, नाव आणि हेडलाइन. लोक प्रोफाइल उघडून निघून जात असतील, तर आतला मजकूर किंवा संपर्काच्या सेटिंग्ज तपासायच्या. या क्रमानेच जा. यादीतच न येणाऱ्याने ‘अबाउट’ (स्वतःबद्दलचा मजकूर) पाच वेळा नव्याने लिहून काही हाती लागत नाही.

सर्च अपिअरन्सेसवर टिचकी मारली की शोधणारे कोणत्या कंपन्यांत काम करतात आणि तुम्ही कोणत्या पदनावांसाठी सापडलात, तेही दिसतं. हे जरूर पाहा. लेखापालाची नोकरी शोधणारा माणूस ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह’ म्हणून सापडत असेल, तर पाच वर्षांपूर्वीच्या नोकरीचे शब्द अजून प्रोफाइलवर राज्य करतायत असं समजा.

यादीत नाव येत नाही

सगळ्यात जास्त नुकसान हेडलाइन करते. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर लिंक्डइन सध्याच्या नोकरीचं पदनाव आणि कंपनी जोडून ती स्वतःच बनवतं. हेडलाइनला २२० अक्षरांची जागा आहे. आपोआप बनलेली ओळ त्यातली चाळीस-पन्नासच वापरते.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं काम केलेला, मेकॅनिकल डिप्लोमावाला उमेदवार घ्या. त्याची हेडलाइन आहे ‘एक्झिक्युटिव्ह ॲट अमुक इंडस्ट्रीज प्रायव्हेट लिमिटेड’. तो रोज करतो काय? सीएमएम मशिनवर मोजमापं घेतो, पीपीएपीची, म्हणजे सुटा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची, कागदपत्रं तयार करतो, ग्राहकाकडून नापास होऊन परत आलेल्या मालावर ८डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा) लिहितो. भरती करणारा टाईप करतो ‘क्वालिटी इंजिनिअर’, ‘पीपीएपी’, ‘सीएमएम’, आणि शहर निवडतो पुणे. यातला एकही शब्द त्याच्या हेडलाइनमध्ये नाही, अनुभवातही नाही. तिथे एवढंच लिहिलंय की ‘गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली’.

दुरुस्त केलेली हेडलाइन अशी : ‘क्वालिटी इंजिनिअर, ऑटोमोटिव्ह मशीन्ड पार्ट्स | पीपीएपी, सीएमएम, एसपीसी, ८डी | आयएटीएफ १६९४९ | पुणे’. वाचायची सोय म्हणून इथे देवनागरीत दिली आहे. प्रोफाइलवर ती इंग्रजीत, रोमन लिपीतच लिहायची. कंपनीचं नाव हेडलाइनमध्ये नसलं तरी चालतं, ते अनुभवात येतंच. ‘मेहनती’, ‘जिद्दी’, ‘सतत शिकणारा’ हे शब्द माणसाबद्दल खरे असतील, पण ते टाकून कोणी उमेदवार शोधत नाही. ती जागा कामाच्या शब्दांना द्या.

मग पदनाव. कारखान्यांत आणि बँकांत अंतर्गत हुद्द्यांची वेगळीच भाषा असते : ‘जीईटी’, ‘ऑफिसर ग्रेड २’, ‘असोसिएट लेव्हल ३’. कंपनीबाहेर त्यांना काही अर्थ नाही. ‘एक्स्पिरियन्स’मध्ये पदनावाच्या चौकटीत बाजारात चालणारं नाव लिहा आणि नेमणूकपत्रातलं पदनाव वर्णनाच्या पहिल्या ओळीत द्या. मात्र हुद्दा वाढवू नका. ज्युनिअर इंजिनिअरचा सीनिअर इंजिनिअर झाला की पुढे पार्श्वभूमी तपासणीत तो पकडला जातो आणि हातात आलेली ऑफर जाते. बाजारातलं नाव वापरणं वेगळं आणि पद फुगवणं वेगळं, ही रेघ नीट सांभाळा.

आपल्या कामाला बाजारात काय म्हणतात हे कळायचा उपाय साधा आहे. हव्या त्या पदाच्या दहा जाहिराती उघडा. एक कागद घ्या. प्रत्येक जाहिरातीत मागितलेली कौशल्यं, साधनं, प्रमाणपत्रं लिहा आणि तोच शब्द पुन्हा आला की पुढे एक उभी रेघ मारा. दहांपैकी सहा-सात ठिकाणी आलेले शब्द हेच तुमच्या हेडलाइनचे आणि स्किल्सचे शब्द. अर्थात ते काम तुम्हाला खरोखर येत असेल तरच. लेखापालाच्या यादीत टॅली, जीएसटीआर-१, जीएसटीआर-३बी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन असे शब्द वर येतील, आणि अनुभवात नुसतं ‘अकाउंट्स पाहतो’ लिहिलं की काय काय हरवतं ते त्या कागदावरच दिसेल.

स्किल्स १०० पर्यंत टाकता येतात, पण म्हणून शंभर टाकायची नाहीत. पंधरा ते पंचवीस पुरेत. टाईप करताना खाली जी यादी उघडते तिच्यातूनच निवडा. स्वतःच्या स्पेलिंगने लिहिलेलं कौशल्य शोधाशी जुळेलच याची खात्री नाही. प्रत्येक कौशल्य ज्या नोकरीत किंवा प्रकल्पात वापरलं त्याला जोडायची सोय आहे, ती वापरा. नुसत्या यादीपेक्षा ‘हे इथे केलं’ असं दिसलं की वाचणाऱ्याला आधार मिळतो.

ठिकाणाची चूक तर अगदी चोरपावलांनी येते. साताऱ्याचा किंवा लातूरचा मुलगा पुण्यात दोन वर्षं राहतोय, पण प्रोफाइल कॉलेजात असताना गावाच्या पिनकोडवर केली होती. शोधणाऱ्याने पुणे निवडलं की तो गाळला जातो. ‘एडिट इंट्रो’मध्ये जाऊन सध्या राहता तिथला पिनकोड टाका आणि शहरासाठी जे पर्याय येतील त्यांतून ‘पुणे’ किंवा ‘मुंबई मेट्रोपॉलिटन रीजन’ असा जो लागू असेल तो निवडा. अजून गावीच असाल तर खोटं ठिकाण लिहू नका. त्यासाठी ‘ओपन टू वर्क’मध्ये, म्हणजे नोकरीला तयार असल्याचं कळवायच्या सोयीत, कोणत्या शहरांत काम करायला तयार आहात ते भरता येतं. भरती करणाऱ्यांना ‘सध्या इथे राहणारे किंवा इथे यायला तयार असलेले’ असा एकत्र शोध घेता येतो, आणि त्यात तुम्ही येता.

देवनागरीतलं नाव, आडनावाचं स्पेलिंग, लग्नाआधीचं नाव

लिंक्डइनचे मेनू डिसेंबर २०२१ मध्ये हिंदीत आले आणि २०२४ मध्ये मराठीतही. ही आनंदाची गोष्ट आहे. मेनू खुशाल मराठीत करा. मात्र मेनूची भाषा बदलली म्हणून तुम्ही लिहिलेला मजकूर बदलत नाही, आणि नाव देवनागरीत लिहिलं तर रोमन अक्षरांत शोधणाऱ्याला ते सापडेलच असं धरून चालू नका. नोकरीसाठीची प्रोफाइल असेल तर नाव, हेडलाइन आणि अनुभव रोमन लिपीत ठेवा. भाषांतर, मराठी वृत्तमाध्यमं, अध्यापन या क्षेत्रांतल्यांनी मराठी कामाचे नमुने ‘फीचर्ड’ विभागात लावावेत. तिथे ते उठून दिसतात आणि शोधाला अडथळा होत नाही.

आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, कंपनीच्या ईमेलात तिसरं, हे आपल्याकडे सर्रास असतं. चौधरी, क्षीरसागर, जोशी ही आडनावं किती तऱ्हांनी लिहिली जातात ते सगळ्यांना माहीत आहे. जे स्पेलिंग बायोडेटावर आहे तेच प्रोफाइलवर ठेवा. प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं म्हणून ते ‘फर्स्ट नेम’च्या चौकटीत टाकू नका. पाटील, जाधव, शिंदे अशी आडनावं असणाऱ्यांनी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर मधे घातलं तर शेकडो सारख्या नावांतून वेगळं ओळखू येतं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर ‘ॲडिशनल नेम’ची चौकट आहे. तिथे आधीचं नाव लिहा, म्हणजे जुने सहकारी आणि कॉलेजातले लोक त्या नावाने शोधू शकतात. ते कोणाला दिसावं हेही ठरवता येतं.

नावाच्या चौकटीत फोन नंबर, इमोजी किंवा ‘इमिजिएट जॉइनर’ लिहू नका. ते लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही आणि खात्यावर बंधन येऊ शकतं.

कंपनीचा लोगो राखाडी दिसतो

कंपनीचं नाव टाईप करताना खाली यादी उघडते. घाईत ती सोडून नुसतं ‘सेव्ह’ केलं की नाव साध्या मजकुरासारखं राहतं आणि कंपनीच्या पानाशी जोडलं जात नाही. लोगोच्या जागी राखाडी इमारत दिसते. हा दोष दिसण्यापुरता नाही. कंपनीनुसार शोध घेणाऱ्याला तुम्ही सापडत नाही आणि त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांत तुमची गणना होत नाही. उपाय एका मिनिटाचा : त्या नोकरीवर पेन्सिलीचं चिन्ह दाबा, कंपनीचं नाव पूर्ण खोडा, पुन्हा टाईप करा आणि यादीतून लोगो असलेलं नाव निवडा. एमआयडीसीतल्या पुष्कळ लहान कारखान्यांचं पानच नसतं. तिथे नाव तसंच राहू द्या. मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या कंपनीचं पान स्वतः काढू नका. पुढे तीच डोकेदुखी होते.

कॉलेजाचंही तसंच. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, आणि पुण्याचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. जुन्या नावाने टाईप करून तसंच सोडलं तर तुम्ही माजी विद्यार्थ्यांच्या यादीत येत नाही. आणि शाळा-कॉलेजाच्या पानावरचा ‘अलम्नाय’ विभाग ही नवख्यासाठी लिंक्डइनवरची सगळ्यात उपयोगी जागा आहे. आपल्या कॉलेजातले लोक कोणत्या शहरात, कोणत्या कंपन्यांत, कोणत्या कामावर आहेत ते तिथे चाळणी लावून पाहता येतं. संलग्न कॉलेजात शिकला असाल तर शाळेच्या चौकटीत कॉलेजाचं नाव निवडा आणि विद्यापीठाचं नाव वर्णनात लिहा. एमएसबीटीईच्या (राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) डिप्लोमावाल्यांनीही शाळा म्हणून आपला पॉलिटेक्निकच निवडावा.

कंत्राटावर आहात, मग कंपनी कोणती लिहायची?

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि त्याचं चुकीचं उत्तर महागात पडतं. काम मोठ्या कंपनीच्या आवारात, गणवेश त्यांचा, पण पगार कंत्राटदार एजन्सीकडून. अशा वेळी ‘कंपनी’च्या चौकटीत पगार देणाऱ्या एजन्सीचं नाव लिहा. वर्णनाच्या पहिल्या ओळीत ‘अमुक कंपनीच्या रांजणगाव प्लांटमध्ये कंत्राटी नेमणूक’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे मोठ्या कंपनीचं नाव मजकुरात येतं आणि तुम्ही खोटंही बोलत नाही. कारण पुढे तपासणी होते तेव्हा पीएफच्या यूएएन खात्यावरचा नोकरीचा इतिहास मागितला जातो, आणि तिथे एजन्सीचंच नाव असतं. रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखाही त्याच नोंदीवरून तपासून घ्या. प्रोफाइल, बायोडेटा आणि यूएएन यांत दोन-दोन महिन्यांचा फरक निघाला की उगाच खुलासे करत बसावं लागतं.

अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिपसाठी ‘एम्प्लॉयमेंट टाइप’मध्ये वेगळे पर्याय आहेत, तेच निवडा. काहीच अनुभव नसेल तर ‘एक्स्पिरियन्स’मध्ये ‘लुकिंग फॉर जॉब’ अशी नोकरी बनवू नका. ते वाक्यच तुमचं पदनाव म्हणून धरलं जातं. इनप्लांट ट्रेनिंग आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ‘प्रोजेक्ट्स’मध्ये घाला. प्रकल्पात तुम्ही स्वतः काय केलं, कोणतं सॉफ्टवेअर वापरलं, कोणतं मशिन, निकाल काय आला, एवढं चार ओळींत पुरतं. ‘आमच्या गटाने केलं’ एवढ्यावर थांबू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न तुमचा वाटा किती हाच येतो.

जुनी नोकरी सोडली तरी ‘सध्या इथे काम करतो’ ही खूण तशीच राहिली असेल तर ती आधी काढा. दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसल्या की वाचणारा गोंधळतो.

यादीत येतंय, पण उघडत कोणी नाही

बऱ्याचदा कारण फोटोत असतं, तेही फोटोच्या सेटिंगमध्ये. तुम्हाला स्वतःला फोटो दिसतो, पण तो फक्त जोडलेल्या लोकांनाच दिसेल असं ठरलेलं असतं. भरती करणाऱ्याला मात्र राखाडी आकृती दिसते. फोटोवर टिचकी मारा, ‘व्हिजिबिलिटी’ पाहा आणि सर्वांना दिसेल असा पर्याय निवडा. खात्री करायला अशा मित्राच्या फोनवर पाहा जो तुमच्याशी जोडलेला नाही.

फोटो किमान ४०० बाय ४०० पिक्सेल हवा, फाइल ८ एमबीच्या आत. व्हॉट्सॲपवरून तीन वेळा फिरलेला पासपोर्ट फोटो लहान वर्तुळात चिखलासारखा दिसतो. दिवसा खिडकीकडे तोंड करून, साध्या भिंतीसमोर, छातीपासून वर काढलेला फोनवरचा फोटो पुरतो. चेहऱ्याने निम्म्याहून अधिक चौकट भरू द्या. लग्नातल्या फोटोतून कापून घेतला की खांद्यावर दुसऱ्याचा हात राहतो, आणि नजर तिथेच जाते. मागची पट्टी १५८४ बाय ३९६ पिक्सेलची असते. ती रिकामी राहिली तरी नुकसान नाही.

उघडतात, पण निरोप येत नाही

निरोप आलेला असतो आणि तुम्ही पाहिलेला नसतो, असंही पुष्कळदा होतं. मेसेजेसमध्ये ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन कप्पे असू शकतात. ‘अदर’ उघडा, मेसेज रिक्वेस्टही पाहा. मग खात्याला जोडलेला ईमेल तपासा. कॉलेजने दिलेल्या किंवा जुन्या कंपनीच्या ईमेलवर खातं असेल तर सूचना तिकडेच जातात, आणि तो ईमेल बंद झाला की पासवर्ड विसरल्यावर खातंही हातचं जातं. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘साइन इन अँड सिक्युरिटी’त स्वतःचा ईमेल घाला, पडताळा आणि तो प्रायमरी करा. हे काम आजच करा, नोकरी सोडायच्या दिवसापर्यंत थांबू नका. तिथेच ‘डेटा प्रायव्हसी’त कोण तुमच्यापर्यंत पोचू शकतं ते पाहा आणि इनमेल (तुमच्याशी न जोडलेल्यांचे निरोप) बंद असेल तर चालू करा.

‘ओपन टू वर्क’ दोन प्रकारे लावता येतं. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि सर्वांना दिसते. दुसऱ्यात फक्त भरती करणाऱ्यांना कळतं. नोकरीत असाल तर दुसरा प्रकार घ्या. तुमच्याच कंपनीतल्या भरती करणाऱ्यांना ते दिसू नये असा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण हमी देत नाही, हे लक्षात असू द्या. पाच पदनावं भरता येतात. पाचही भरा आणि एकाच कामाची वेगवेगळी नावं घ्या : ‘क्वालिटी इंजिनिअर’, ‘क्वालिटी अशुरन्स इंजिनिअर’, ‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर’. प्रोफाइलमध्ये बदल करताना ‘नोटिफाय नेटवर्क’चं बटण बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक बदलाची वर्दी साहेबांच्या फोनवर जाऊ शकते.

‘अबाउट’ला २६०० अक्षरांची जागा आहे, पण उघडताना पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी ‘सी मोअर’च्या आड जातं. म्हणून काम, वर्षं, क्षेत्र आणि आता काय हवंय हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगा. घराची पार्श्वभूमी, बालपणीची आवड यांना इथे जागा नाही.

जोडणी पाठवता येत नाही

‘आठवड्याची मर्यादा संपली’ असा संदेश आला तर थांबण्याखेरीज उपाय नाही; मर्यादा पुढच्या आठवड्यात पुन्हा खुली होते. मूळ कारण बहुतेक वेळा हे असतं की दिसेल त्याला ‘कनेक्ट’ दाबलं गेलं, किंवा फोनमधले सगळे नंबर चढवून एकदम आमंत्रणं गेली. गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, जुना घरमालक, सगळ्यांना. ‘माय नेटवर्क’, मग ‘मॅनेज’, मग ‘सेंट’ या वाटेने जा आणि महिनाभराहून जुनी अनुत्तरित आमंत्रणं मागे घ्या. मागे घेतलेल्या माणसाला पुन्हा आमंत्रण पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून ज्याच्याशी खरंच जुळायचंय त्याचं मागे घेऊ नका.

यापुढे दिवसाला पाच-सात पुरेत, आणि तीही कारण असलेली : एकाच कॉलेजचे, एकाच क्षेत्रातले, एकाच प्लांटवर काम केलेले. मोफत खात्यावर सोबत चिठ्ठी लिहायची सोय मोजकीच मिळते, ती अशांसाठी राखा. चिठ्ठी छोटी असावी : ‘नमस्कार सर, मी आपल्याच पॉलिटेक्निकचा २०२२ चा विद्यार्थी. सध्या भोसरीत सीएनसी विभागात आहे. आपलं टूल डिझाइनमधलं काम पाहून जोडू इच्छितो.’ पहिल्याच निरोपात नोकरी मागू नका आणि बायोडेटा चिकटवू नका.

दोन खाती निघाली

कॉलेजात प्लेसमेंटसाठी एक, नोकरी लागल्यावर दुसरं. शोधात जुनंच वर येतं आणि त्यावर २०१९ ची माहिती असते. ज्या खात्यावर लोक जास्त आणि ईमेल तुमच्या ताब्यातला, ते ठेवा. त्यात लॉगइन करून ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट मॅनेजमेंट’ आणि तिथे ‘मर्ज अकाउंट्स’ असा पर्याय आहे. पण जोडण्या तेवढ्या सरकतात. शिफारसी, अनुमोदनं, निरोप, अनुभवाचा मजकूर यांतलं काही येत नाही, आणि विलीनीकरण उलटवता येत नाही. हवं ते आधी उतरवून घ्या, मगच बटण दाबा.

प्रोफाइल कोणी पाहिली ते दिसत नाही

दुसऱ्यांच्या प्रोफाइली पाहताना तुम्ही ‘प्रायव्हेट मोड’ लावला असेल तर मोफत खात्यावर तुमची पाहणाऱ्यांची यादीही बंद होते. नोकरी शोधताना स्वतःचं नाव आणि हेडलाइन दिसू द्या. बरेच जण कोणी पाहिलं म्हणून उलट येऊन पाहतात.

आकडा आठवड्याचा असल्यामुळे दुरुस्ती केल्यावर रोज पाहण्यात अर्थ नाही. आजचा आकडा आणि तारीख लिहून ठेवा, दुरुस्त्या एका बैठकीत करा, मग दोन आठवड्यांनी पाहा. गूगलवर जुना फोटो किंवा जुनी हेडलाइन त्यापेक्षाही जास्त दिवस राहते. ते आपोआप बदलतं.

आणि निरोप यायला लागले की त्यांत खोटेही येतात, नवख्यांकडे तर आधी तेच पोचतात. निरोप पाठवणाऱ्याची स्वतःची प्रोफाइल उघडा : खातं कधीचं आहे, कंपनीच्या पानाशी जोडलेलं आहे का, ईमेल कंपनीच्या डोमेनचा आहे की साधा जीमेल. मुलाखतीआधीच ऑफर लेटर, नोंदणी फी, लॅपटॉपसाठी डिपॉझिट, ‘टेलिग्रामवर बोलू’ यांतलं एक जरी आलं तरी तिथेच थांबा आणि त्या प्रोफाइलवर ‘रिपोर्ट’ करा. आखाती देशांतल्या कामाचा एजंट असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का ते आधी पाहा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, निरोपांचे स्क्रीनशॉट आणि त्या प्रोफाइलचा पत्ता हाताशी ठेवूनच फोन लावा.